गाणी भाड्याने मिळतील

हल्ली कुणालाही ‘तुमच्याकडे गाणी किती आहेत?’ असे विचारून पाहा. समोरचा माणूस खिशातला मोबाइल काढतो, अंगठ्याने त्याची काच पुसतो आणि म्हणतो, ‘‘सगळी!’’ हे ‘सगळी’ तो अशा थाटात म्हणतो की, आमच्या रावेर-सावद्याकडचा पन्नास एकरांचा बागायतदारही ‘केळी किती?’ या प्रश्नाला इतके दिमाखदार उत्तर देत नाही. बरे, बागायतदाराची केळी निदान सातबाऱ्यावर तरी असते. या ‘सगळी’वाल्याच्या सातबाऱ्यावर एक भूपाळीसुद्धा नसते. सारा मळा दुसऱ्याचा, आणि हा बांधावर उभा राहून ढेकर देतोय!

माझे म्हणणे सरळ आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. ज्याच्याजवळ गाण्यांचा मोठा साठा आहे, त्याने तो स्वतःच्या मालकीच्या, खिशात मावणाऱ्या, भरपूर जागेच्या वेगळ्या यंत्रात ठेवावा. कंपन्यांच्या भरवशावर सोडू नये. हे बोललो की आमच्या ब्रँचमधली तरुण मंडळी माझ्याकडे, एटीएम सोडून हुंडी वटवायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, तशी पाहतात.

‘‘भाऊ, आता गाणी साठवतं कोण?’’ शेजारच्या काउंटरवरचा पोरगा म्हणतो. ‘‘पाहिजे तेव्हा लावायचं, ऐकायचं, सोडून द्यायचं.’’

‘‘मग पैसे तरी कशाला साठवतो रे? पाहिजे तेव्हा शेजाऱ्याकडून मागायचे, खर्च करायचे, सोडून द्यायचे!’’

यावर तो हसतो. पण मी विनोद करत नसतो. मी बी. कॉम. आहे.

हिशेबच मांडू. गाणी ऐकवणाऱ्या सेवेचे भाडे महिना शंभर रुपये धरा. वर्षाचे बाराशे, वीस वर्षांचे चोवीस हजार. आता वीस वर्षांनंतरचा ताळेबंद काढा. मालमत्तेच्या बाजूला काय? भोपळा. भाडे थकले की दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि तुमचे कान रस्त्यावर. उलट २०२३ साली सोनी कंपनीने वॉकमन याच जुन्या नावाने एक नवे यंत्र भारतात विकायला काढले, त्याची किंमत होती सव्वीस हजारांच्या आसपास. त्याहून स्वस्त यंत्रेही बाजारात पुष्कळ. म्हणजे ज्या पैशात जन्मभर भाडेकरू राहायचे, त्याच पैशात घर होते.

कुणी म्हणेल, भाड्याच्या घरातही माणसे सुखाने नांदतात. नांदतात ना! पण घरमालक जागेवर असेपर्यंत. गुगलने आपले प्ले म्युझिकचे दुकान २०२० साली बंद केले. रेसो नावाची सेवा भारतातून जानेवारी २०२४ मध्ये गेली. विंक म्युझिकचा गाशा त्याच वर्षी गुंडाळला. दुकान चालू राहिले तरी फळीवरचा माल राहीलच असे नाही. २०२३ साली स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार फिसकटला, तेव्हा कित्येक हिंदी गाणी लोकांच्या याद्यांतून गेली. यादीत नाव दिसते आहे, पण गाणे वाजत नाही! लग्नाच्या पंगतीत पान मांडावे आणि वाढपी फिरकूच नये, तशातला प्रकार.

‘‘पण डाउनलोड करून ठेवता येतं की!’’ असा एक हुकमी मुद्दा मांडला जातो. येते. मात्र स्पॉटिफायसारख्या सेवेत उतरवून घेतलेल्या गाण्यांनासुद्धा तीस दिवसांतून एकदा नेटला जोडून ‘आमचा ग्राहक अजून भाडे भरतो आहे’ असे वर कळवावे लागते. आमचे पेन्शनर वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देतात आणि तेवढ्यावरही कुरकुरतात. इथे तुमच्या मारव्याला दर महिन्याला हयातीचा दाखला! आणि नेट तरी सगळीकडे कुठे आहे? रावेरहून पालकडे निघून सातपुडा चढायला लागलो की मोबाइलवरचे दांडे एकेक करून असे उतरतात, की जणू त्यांनाच घाट लागतो.

मग मोबाइलमध्येच स्वतःची गाणी भरली तर? तीही सोय आहे. पण मोबाइल हा मुळात दुसऱ्यांच्या सोयीसाठी बाळगायचा प्राणी आहे. भीमसेनजींचा स्वर नुकता कुठे षड्जावर येऊन विसावतो आणि तेवढ्यात एक गोड आवाज विचारतो, ‘‘सर, क्रेडिट कार्ड हवंय का?’’ इतरांना निदान तिच्यावर चिडता तरी येते. मी बँकेतला, मला व्यवसायबंधुत्व आडवे येते. शिवाय हल्लीच्या बऱ्याच महागड्या मोबाइलांना कार्ड घालायची खाचच नसते. चाळीस हजारांचे कपाट घ्यायचे आणि त्याला फळी वाढवता येऊ नये, याला काय म्हणावे?

आता ‘एवढी गाणी ऐकणार कधी?’ हा प्रश्न. हा बहुधा घरातूनच येतो. माझ्या साठ्यात चौदा हजार सहाशे गाणी आहेत. सरासरी चार मिनिटांचे एक धरले तर नऊशे त्र्याहत्तर तास होतात. रोज तासभर ऐकले तर एक फेरी पुरी व्हायला दोन वर्षे आठ महिने. सौभाग्यवतींच्या मते हा वेडेपणाचा लेखी पुरावा आहे. पण घरात पंचांग असते म्हणून आपण रोज लग्न लावतो का? फिक्स डिपॉझिट केले म्हणून दर गुरुवारी मोडतो का? मोठा साठा ठेवायचा तो सगळा ऐकण्यासाठी नव्हे. कुठल्या दिवशी कुठले गाणे लागेल ते आदल्या दिवशी कळत नाही, म्हणून ठेवायचा.

आणि ठेवायला आता लागते तरी किती जागा! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रण केले तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर माझी गाणी घ्यायची म्हटली, तर एका तबकडीवर दोन या हिशेबाने सात हजार तीनशे तबकड्या लागतील. तबकडी दोनशे ग्रॅमची धरली तर वजन दीड टनाच्या घरात. म्हणजे एक मारवा ऐकायचा तर छोट्या हत्तीच्या दोन खेपा! १९७९ मध्ये वॉकमन आला, गाणे पट्ट्याला लटकले. २००१ मध्ये आयपॉड आला, त्याच्या पाच जीबीत हजार गाणी बसतात असे कंपनीने सांगितले आणि जग थक्क झाले. पुढे त्याच आयपॉडची जागा एकशे साठ जीबीपर्यंत गेली. तो आयपॉडही २०२२ साली थांबला. पण २०१९ पासून नखाएवढ्या कार्डात एक टीबी, म्हणजे हजार जीबी, मिळू लागले आहेत. माझा सारा पसारा चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीत एकशे चाळीस जीबी होतो. जागा आज इतकी स्वस्त झालेली असताना, आम्ही आमची गाणी बाहेर काढून स्वतः भाड्याने राहायला निघालो आहोत!

तेव्हा यंत्र घ्यायचेच. पण घेताना, कर्ज देताना आम्ही जसे एकेक कागद मागतो, तसे त्याला मागावेत. 

पहिला कागद म्हणजे कार्डाची खाच. आतली जागा कितीही असो. ती वाढत नाही आणि यंत्र मेले की सोबत सती जाते. वर सांगितलेल्या वॉकमनच्या पोटात तर जेमतेम बत्तीस जीबी आहेत, पण खाच आहे, म्हणून तो पास. दुसरा कागद म्हणजे यादीची मर्यादा. कार्ड भले मोठे चालते, पण काही यंत्रे ठरावीक हजार गाण्यांपुढे मोजायचेच सोडून देतात, पुढची गाणी असून नसल्यासारखी. हा आकडा दुकानदाराला विचारावा. तो सांगणार नाही, पण विचारल्याने तो आपल्याला वचकतो.

तिसरा कागद देवनागरीचा. काही यंत्रांना आपली लिपी येत नाही. ती प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन काढतात. माणिक वर्मा म्हणजे पाच-सहा चौकोन आणि ज्योत्स्ना भोळे म्हणजेही पाच-सहा चौकोन! एवढ्या थोर गायिकांची आपण चाळीतल्या खोल्यांसारखी गणना करावी काय? दुकानातच एक मराठी नावाचे गाणे घालून पाहावे. चौथा कागद म्हणजे फोल्डर. ही यंत्रे बनवणाऱ्यांना वाटते, जगातले प्रत्येक गाणे कुठल्या तरी ‘अल्बम’मध्ये जन्मते. आपली नाट्यपदे नाटकाच्या नावाने ठेवायची असतात, ख्याल रागाच्या नावाने, आणि काकांनी दिलेली ती काकांच्या नावाने. हे फोल्डरात जमते. नाहीतर यंत्र आपल्या मनाने मांडणी करते. तशी केल्यावर मला असा शोध लागला की, माझ्या संग्रहात सर्वांत जास्त गाणी गायलेला कलावंत म्हणजे ‘अननोन आर्टिस्ट’, आणि त्याचे सर्वांत लोकप्रिय गाणे ‘ट्रॅक झीरो वन’!

पाचवा कागद म्हणजे बटणे. भुसावळ गाडीच्या गर्दीत, एक हात दांड्याला असताना, दुसऱ्या हाताने खिशातल्या खिशात गाणे बदलता आले पाहिजे. आणि बॅटरी बदलून मिळते का, तेही पाहावे. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा माणसाची बॅटरी उतरते, तिथे यंत्राची काय कथा!

इथे दोन प्रकारच्या लोकांपासून सावध करतो. पहिले, अतिशुद्ध कानाचे. ते साठ हजारांचे यंत्र सुचवतात आणि चोवीस बिटांखाली बोलत नाहीत. गाणे नीट ऐकू यावे हे मलाही मान्य आहे. पण माझी निम्मी गाणी जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली. त्यांना चोवीस बिटांत घातले तर खरखर तेवढी खानदानी होईल. दुसरे, पाचशे रुपयांत एक टीबीचे कार्ड विकणारे. आमच्या एका खातेदाराने असे कार्ड गाडीतल्या फेरीवाल्याकडून घेतले. मोबाइलवर जागा एक टीबीच दिसे. खरी होती सोळा-बत्तीस जीबी. ती भरल्यावर नवी गाणी आत जाताना जुनी बिघडवत गेली. नोट जशी उजेडात धरून पाहतो, तसे कार्ड आधी पूर्ण भरून, परत वाचून पाहावे. मगच त्यावर गाणी ठेवावीत.

भाड्याच्या गाण्यांशी माझे वैर नाही. कित्येक गाणी मला तिथेच पहिल्यांदा भेटली. ओळख करून घ्यायला ती जागा छान आहे. पण जीव जडला की रीतसर विकत घेऊन घरी आणावे. आणि मुख्य म्हणजे, जे त्या दुकानात कधी येणारच नाही, त्याचे काय?

आमच्या आजीची कानबाईची गाणी मामाने १९९१ साली टू-इन-वनवर नोंदवली. श्रावणातली रोटाची रात्र. मध्येच भांडे पडते, कुणी तरी ‘‘पोऱ्याला आत घ्या’’ म्हणते, आजी खोकते आणि पुन्हा तिथूनच उचलते. एकोणचाळीस मिनिटे. जगातल्या कुठल्याही कंपनीच्या यादीत ही गायिका नाही. तिला भाडे भरून ऐकता येत नाही, आणि कॅसेटची फीत या हवेत दरवर्षी थोडी थोडी मरते आहे. अशा आज्या घरोघरी होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून निघून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांतल्या सुमारे एकशे वीस तासांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ने तो ठेवा लोकांपुढे आणायला सुरुवात केली. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी आपली सोसायटी काढली, तीही असल्याच वेड्यांची. एकशे वीस तास म्हणजे साध्या एमपीथ्रीत सात जीबी. तेवढी जागा तर माझ्या पोराच्या मोबाइलवर शुभ सकाळच्या फुलांनी अडवलेली असते!

जे विकले जात नाही, ते दुकानदार ठेवत नाही. त्यात त्याचा दोष नाही. ते ठेवायचे काम आपले. म्हणून कार्ड एक नको, दोन करा. एक यंत्रात, एक कपाटात, पासबुकाशेजारी. पाकिटावर वारसाचे नाव घाला. आमच्याकडे नॉमिनी न लावलेल्या खात्यांच्या पायी सख्खे भाऊ काउंटरवर एकमेकांकडे कसे पाहतात, ते मी रोज पाहतो. भाड्याच्या गाण्यांना तर नॉमिनी लावायचा रकानाच नाही.

शेवटी वाद एवढाच आहे की, आपण पोरांच्या हाती गाणी ठेवून जाणार की पासवर्ड? आणि पासवर्ड तर मेला तीन महिन्यांनी बदलावा लागतो.