अटक झाली, पुढे काय?

नोव्हेंबर 2022 मध्ये नाशिकच्या म्हसरूळमधील एका आधाराश्रमाच्या संचालकाला मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. अशा वेळी आपण निवेदने देतो, घोषणा देतो आणि घरी जातो. त्या मुलीचे पुढे काय?

विश्वासातला माणूस आधी फी भरतो, वह्या-पुस्तके देतो, आईबापाला आपलेसे करतो. मग मुलाला किंवा मुलीला गुपित पाळायची सवय लावतो. म्हणून मोठेपणीही ती स्वतःलाच कोसत राहते : ‘मी त्याच्याकडून का घेतलं? तेव्हाच का बोलले नाही?’ आपणही तिला हेच विचारतो, तेव्हा त्या माणसाचेच काम पुढे नेतो.

2012 चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. 18 वर्षांखालील मुलांच्या ‘संमती’ला अर्थ नाही. माहीत असून न कळवणे हाही गुन्हाच.

आपल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत, शिबिरांतही आदरणीय ‘सर’ असतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार आली की ‘चळवळ बदनाम होईल’ म्हणणारे आपलेच असतात. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बजावले होते. तो इशारा वसतिगृहाच्या दारापाशी संपत नाही.

पॉक्सो न्यायालयात साक्ष देताना मुलीसोबत तिच्या विश्वासातली व्यक्ती बसू शकते. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी कागद जमवावे लागतात. समुपदेशनाला वर्षानुवर्षे सोबत लागते. मोर्चाला हजार जण येतात. या कामाला आपल्यातले दोघे तरी पुढे या.

जय भीम!