सात दिवसांचे मोफत उपचार मिळाले, पुढच्या महिन्यांचे काय?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल, तर देशातील कोणत्याही रस्त्यावरील जखमीला नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मुदत आहे अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त सात दिवस. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना लवकर आणण्याचे निर्देश सरकारला दिले होते.

या योजनेचे महत्त्व मोठे आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ लोक जखमी झाले. पहिल्या तासात उपचार मिळाले तर यातले बरेच जीव वाचू शकतात. 'पैसे भरा, मग ॲडमिट करू' हा अडथळा दूर करणे हाच योजनेचा उद्देश आहे.

पण जीव वाचल्यानंतर काय? मणक्याला, मेंदूला किंवा हातापायाला गंभीर इजा झालेला रुग्ण सात दिवसांत घरी चालत जात नाही. त्याचे पुनर्वसन अनेक महिने, कधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र त्यांचा भर शस्त्रक्रिया आणि भरतीच्या उपचारांवर आहे. घरी येणारी फिजिओथेरपी, डायपर, कॅथेटर, हवेची गादी, व्हीलचेअर आणि काळजीवाहू माणूस यांचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातो. शिवाय घरातल्या एकाची, बहुधा पत्नीची किंवा आईची, नोकरी सुटते. डिस्चार्जनंतरची जबाबदारी प्रत्यक्षात कुटुंबावर येऊन पडते, म्हणून तिची तयारी रुग्णालयात असतानाच करायला हवी.

पुनर्वसन लवकर का सुरू करायचे?

'आधी पूर्ण विश्रांती, मग व्यायाम' असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात रुग्णाची प्रकृती स्थिर झाली की डॉक्टरांच्या सल्ल्याने अंथरुणातच सांधे हलवणे, कूस बदलणे, श्वासाचे व्यायाम सुरू होतात. न हलवलेले सांधे आखडतात, स्नायू वाळतात आणि पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. मेंदूच्या इजेनंतर सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो. नंतरही सुधारणा होते, पण हळू. म्हणून 'जरा बरे वाटू दे, मग बघू' म्हणून गेलेले सुरुवातीचे महिने महाग पडतात.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना काय विचारावे?

- इजा नेमकी कुठे आणि किती आहे? पुढच्या तीन महिन्यांत कोणते ध्येय धरायचे: बसणे, उभे राहणे की आधाराने चालणे?
- रोज कोणते व्यायाम, किती वेळ, आणि कोणती हालचाल अजिबात करायची नाही?
- लघवी आणि शौचाची व्यवस्था घरी कशी करायची? कॅथेटर लावायला आम्हाला इथेच शिकवाल का?
- गिळायला त्रास आहे का? अन्न पातळ द्यायचे की घट्ट?
- कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे?

ही उत्तरे कागदावर लिहून घ्या. नर्स आणि फिजिओथेरपिस्टसमोर प्रत्येक गोष्ट एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. घरी गेल्यावर पहिल्याच रात्री याचा उपयोग होतो. खासगी आरोग्य विमा असेल तर डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे कलम वाचा. अनेक पॉलिसींत भरतीनंतर ६० किंवा ९० दिवसांचा खर्च मिळतो. त्यासाठी फिजिओथेरपीची चिठ्ठी आणि पावत्या लागतात.

संपूर्ण पुनर्वसन एकाच छताखाली देणारी सरकारी केंद्रे कमी आहेत. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था त्यांपैकी एक. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात असा विभाग आहे का, हे विचारून घ्या.

घरी सर्वांत जास्त धोका कशाचा?

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा असेल तर शय्याव्रणाचा, म्हणजे बेडसोअरचा. संवेदना नसल्याने रुग्णाला दुखत नाही आणि जखम आत वाढत जाते. अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदला. व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी शरीराचा भार हलवा. माकडहाड, टाचा आणि कमरेच्या बाजू रोज पाहा. दाब काढल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. त्या जागेवर मालिश करू नका.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा असेल, तर अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घाम येणे आणि रक्तदाब वाढणे ही तातडीची स्थिती आहे. रुग्णाला बसते करा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का आणि मूत्राशय भरले आहे का ते पाहा. लगेच आराम पडला नाही तर १०८ ला फोन करा. एका पायाला सूज किंवा अचानक धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

अर्धांग कमजोर असेल तर रुग्णाला दंडाला धरून ओढून उठवू नका. खांदा निखळू शकतो.

'आमचा माणूस बदललाय'

मेंदूच्या इजेनंतर हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. चालता येते, बोलता येते, पण राग लगेच येतो, आताचे विसरतो, दुपारपर्यंत थकतो. हा आळस किंवा हट्ट नसतो, इजेचाच भाग असतो. घरात गर्दी आणि टीव्हीचा आवाज कमी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावा. भेटायला येणाऱ्यांनी समोर 'आता याचे कसे होणार' म्हणणे थांबवा. जे काम त्याला जमते, ते वेळ लागला तरी त्यालाच करू द्या. घास भरवणे सोपे असते, पण हाताला सराव स्वतः जेवण्यानेच होतो.

कागदपत्रे: उपचारांइतकीच महत्त्वाची

पुनर्वसनाचा खर्च मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्यातील मुदतीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. याच महिन्यांत घरचे सर्वांत जास्त धावपळीत असतात, म्हणून हे काम एखाद्या नातेवाइकावर सोपवा. दाव्यात झालेल्या खर्चाबरोबर पुढचे उपचार, बुडणारी कमाई आणि काळजीवाहू माणसाचा खर्चही मागता येतो. १०० टक्के अपंगत्व आलेल्या एका मुलीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने फक्त दोन मदतनिसांच्या खर्चापोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले होते. घरचीच माणसे सेवा करतात म्हणून तिचे मोल शून्य ठरत नाही. वाहन पळून गेले असेल तर गंभीर जखमीला ५० हजार रुपयांची भरपाई आहे.

एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक पावती, मदतनिसाला दिलेल्या पैशांची नोंद, सगळे एका फाइलमध्ये ठेवा. प्रकृती स्थिरावल्यावर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असल्यास अनेक सवलती लागू होतात. रुग्ण सरकारी नोकरीत असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना आलेल्या अपंगत्वामुळे त्याला काढता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. घाईत राजीनाम्यावर सही करू नका.

सेवा करणाऱ्याचीही काळजी

रात्री दर दोन तासांनी उठणारी व्यक्ती महिनाभरात स्वतः आजारी पडते. पाळ्या लावा. लांबच्या नातेवाइकांनी 'काही लागले तर सांगा' म्हणण्याऐवजी एक ठरलेले काम घ्यावे: रविवारची रात्र, औषधे आणणे किंवा फिजिओथेरपीचे पैसे. रुग्णाला किंवा तुम्हाला सतत निराश वाटत असेल, झोप लागत नसेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कॅशलेस योजनेने पहिल्या आठवड्याची चिंता कमी केली आहे. त्याच धर्तीवर घरपोच फिजिओथेरपी आणि साहित्याचा समावेश सरकारी योजनांत होणे ही पुढची गरज आहे. तोपर्यंत रुग्णालयातील त्या सात दिवसांतच पुढच्या महिन्यांची आखणी सुरू करा, आणि तुमच्या डॉक्टरांना ती विचारायला संकोच करू नका.