बीजगणित गल्ल्यावर

समजा, एका गाडीवर वडापाव १४ रुपयांना मिळतो आणि दिवसाला २४० नग खपतात. भाव रुपयाने वाढला की खप २० नगांनी घटतो. एका नगाचा खर्च १० रुपये. भाडे आणि मजुरी मिळून रोजचे ६०० रुपये. मग भाव किती ठेवावा?

१४ रुपयांना नफा ३६० रुपये. २२ रुपयांना खप ८० वर येतो आणि नफा पुन्हा ३६०च. मधोमध, १८ रुपयांना, तो ६८० होतो. भाव आणि नफा यांचा आलेख काढला, तर शाळेतला तोच उलटा अन्वस्त दिसतो. त्याचे टोक म्हणजे योग्य भाव. भाडे वाढले तर नफा घटतो, पण टोक १८ रुपयांवरच राहते. म्हणजे भाडे वाढले म्हणून लगेच भाव वाढवणे हा तोट्याचा निर्णय ठरू शकतो.

फ्रेंच गणिती ओगुस्तँ कुर्नो यांनी १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या झऱ्याचे उदाहरण घेऊन हाच विचार मांडला होता. आपण मात्र वर्गसमीकरण दहावीच्या उत्तरपत्रिकेतच सोडून येतो.

समीकरण अनुभवाची जागा घेत नाही. भाव वाढल्यावर किती गिऱ्हाईक तुटते, हे वहीतल्या नोंदीच सांगतात. म्हणून वाचकहो, महिनाभर रोजचा भाव आणि खप लिहून ठेवा. तुमच्या धंद्याचे समीकरण त्याच वहीत सापडेल.