मोजायचे नाही, म्हणजे द्यायचेही नाही

आजार एकच आहे. संसदेने 2016 मध्ये केलेला कायदा त्याला अपंगत्व मानतो. रेल्वेच्या सवलतीच्या तक्त्यात तोच आजार अपंगांच्या यादीत नाही, रुग्णांच्या यादीत आहे. सरकारी महाविद्यालयातल्या राखीव जागेसाठी तो चालतो, सरकारी नोकरीतल्या राखीव जागेसाठी चालत नाही. केंद्राच्या पेन्शनसाठी त्याचे टक्के पाहून माणसाला दारातूनच परत पाठवतात. हा आजार सिकलसेल. तो माझ्या धाकट्या बहिणीला आहे. ती गोंदियाला असते, मी कोलकात्यात गार्डन रीचला. मी हे तिच्यासाठी दया मागायला लिहीत नाही. सरकार एका साध्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, म्हणून लिहितो आहे. दीर्घ आजाराच्या माणसांचे वर्गीकरण तुम्ही कसे करता, कोणत्या योजनेत किती जण बसतात आणि किती जणांना बाहेर काढता, ते आकडे दाखवा.

गार्डन रीचला बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालय होते. 1955 पासून तिथे दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. 2003 पर्यंत नागपूर विभाग याच रेल्वेत होता. त्या काळात बदलीवर इथे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. रुळाच्या त्या टोकाला विदर्भात सिकलसेल आहे, या टोकाला बंगालमध्ये थॅलेसेमिया. जवळच मेटियाब्रुज, शिवणकामाची मोठी वस्ती. तिथे नगावर मजुरी मिळते. थॅलेसेमियाच्या कारागिराला दर काही आठवड्यांनी रक्त चढवायला जावे लागते आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. त्याने प्रतिबंधी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्याची गोष्ट काढली की लोक म्हणतात, तुझे हातपाय तर धड आहेत. लोकांना मी दोष देत नाही. सरकारच्या निम्म्या योजना अजून हातापायांकडे पाहूनच ठरतात.

1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून 2016 चा कायदा आला. प्रकार एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि मज्जासंस्थेचे इतर दीर्घ आजार त्यात आले. दिसणाऱ्या व्यंगापलीकडे जाऊन आयुष्यभर साथ न सोडणाऱ्या आजाराला कायद्याने पहिल्यांदा ओळख दिली. पण तोच कायदा पुढे वाचा. कलम 32 उच्च शिक्षणात चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या सगळ्यांसाठी पाच टक्के जागा ठेवते. कलम 34 सरकारी नोकरीत चार टक्के जागा ठेवते आणि तिथे कोणाला घ्यायचे याची यादी देते. त्या यादीत रक्ताचे तिन्ही आजार नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस नाही, पार्किन्सन्स नाही. म्हणजे माझ्या बहिणीला शिकवायला सरकार तयार आहे, कामावर घ्यायला तयार नाही. हे कोणत्या अभ्यासावर ठरले, याचा खुलासा मागण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

आता रेल्वे. मार्च 2020 मध्ये बहुतेक सवलती बंद झाल्या. अपंगांचे चार प्रकार आणि रुग्णांचे अकरा प्रकार राहिले. रक्ताच्या आजारांची माणसे रुग्णांत मोडतात. त्यांना सवलत मिळते ती उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना. भावाच्या लग्नाला किंवा नोकरीच्या मुलाखतीला जाताना ते अपंग नसतात. त्यातही स्लीपरच्या डब्यात थॅलेसेमियाला 75 टक्के सवलत आहे आणि सिकलसेलला 50 टक्के. दोन्ही आजार रक्तातल्या हिमोग्लोबिनचे, दोन्ही जन्मापासून, दोन्ही कायद्याच्या एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी. मग पंचवीस टक्क्यांचा फरक कशाचा? सिकलसेलचे बहुतेक रुग्ण आदिवासी आणि दलित वस्त्यांतले आहेत, हे गडचिरोली, गोंदिया आणि नंदुरबारच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. ज्यांच्यासाठी बोलणारे कमी, त्यांना सवलत कमी. याहून वेगळे कारण असेल तर रेल्वेने ते कागदावर द्यावे.

पेन्शनची कहाणी अधिक निर्दय आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजना 2009 पासून आहे. तिच्यासाठी दारिद्र्यरेषेखाली असावे लागते आणि अपंगत्व किमान 80 टक्के लागते. कायदा चाळीस टक्क्यांना पात्र धरतो, पेन्शन त्याच्या दुप्पट मागते. एवढे करून केंद्र देते महिना 300 रुपये, आणि 2012 पासून तो आकडा हललेला नाही. राज्यांनी आपापल्या वाटा काढल्या. पश्चिम बंगालने 2018 मध्ये मानबिक योजना आणली, महिना 1000 रुपयांची. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंगांबरोबर क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांचा उल्लेख आहे. म्हणजे महाराष्ट्रात कर्करोगाच्या रुग्णाचा निदान विचार होतो, केंद्राच्या अपंगत्वाच्या यादीत कर्करोग नाहीच. डायलिसिसवरचा माणूस त्या यादीत नाही. ल्युपसने अंथरुणाला खिळलेली बाई नाही. प्रत्येक योजनेचा दरवाजा वेगळा आणि मोजपट्टी वेगळी. या गोंधळाचा हिशेब एका ठिकाणी मांडलेला कुठे आहे, एवढेच मी विचारले.

विचारले ते माहितीच्या अधिकारात. दहा रुपये शुल्क. कारण सांगावे लागत नाही, कलम 6 तसे स्पष्ट सांगते. कोणत्या कचेरीला, ते इथे लिहीत नाही, कारण हा एका कचेरीचा दोष नाही, सगळ्या कारभाराची ही रीत आहे. प्रश्न साधे होते. रक्ताच्या आणि मज्जासंस्थेच्या प्रत्येक आजारासाठी किती जणांनी दाखला मागितला? किती जणांना मिळाला, किती जणांना नाकारला? मिळाला त्यांतले चाळीसच्या खाली किती, चाळीस ते ऐंशीत किती, ऐंशीच्या वर किती? मुदतीचे दाखले किती, कायमचे किती? यांतल्या किती जणांना पेन्शन चालू आहे? यादीबाहेरच्या आजारांचे अर्ज कोणत्या कारणाने फेटाळले? उत्तर आले की माहिती मागितलेल्या स्वरूपात संकलित केलेली नाही.

हे उत्तर खोटे आहे, असे मी जबाबदारीने लिहितो. 1 जून 2021 पासून देशभर अपंगत्वाचा दाखला केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच द्यायचा आहे. अर्ज त्यात, आजाराचा प्रकार त्यात, टक्के त्यात, वैद्यकीय मंडळाचा निर्णय त्यात. आणि युडीआयडी कार्डाला, म्हणजे त्याच पोर्टलवरून मिळणाऱ्या अपंगत्वाच्या ओळखपत्राला, रंग आहेत. चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीपर्यंत पिवळा, ऐंशी आणि वर निळा. ज्या यंत्रणेला प्रत्येक कार्डावर योग्य रंग छापता येतो, तिला सिकलसेलची पिवळी कार्डे किती आणि निळी किती हे सांगता येत नाही, यावर कोणी विश्वास ठेवायचा? एक कोटीहून अधिक कार्डे वाटल्याचे सरकार अभिमानाने सांगते. एकूण आकडा मोजता येतो, त्याची फोड तेवढी करता येत नाही. फोड केली की जाब द्यावा लागतो, हे त्याचे खरे कारण.

अधिकारी सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा आदित्य बंदोपाध्याय निकाल पुढे करतात. कोलकात्यातूनच दिल्लीला गेलेले ते प्रकरण. उपलब्ध नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. बरोबर आहे. पण जी माहिती संगणकात पडून आहे, ती बाहेर काढणे म्हणजे नवी माहिती तयार करणे नव्हे. शिवाय माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 वाचा. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण, हे कोणी न मागता प्रसिद्ध करायचे आहे. प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यायची आहेत. हे कलम 2005 पासून पुस्तकात आहे. ते पाळले असते तर मला अर्ज करावाच लागला नसता.

दुसरी सबब खासगीपणाची. माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम डेटा संरक्षण कायद्याने बदलले, आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. तेव्हापासून ही ढाल आणखी जाड झाली आहे. मी कोणाचे नाव मागितले नव्हते, पत्ता नाही, कार्डाचा नंबर नाही. मला संख्या हवी होती. जिल्ह्यात सिकलसेलचे चारशे अर्ज आले आणि तीनशे फेटाळले, असे उद्या समजले तर कोणत्या रुग्णाचा खासगीपणा भंगतो? भंगतो तो फेटाळणाऱ्याचा निवांतपणा.

तिसरी सबब बोगस दाखल्यांची. 2024 मध्ये त्यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक खऱ्या रुग्णाकडे संशयाने पाहिले जाते. बोगसगिरी पकडायचीच असेल तर आकडे उघडे करा. एखाद्या रुग्णालयातून एकाच प्रकारचे दाखले शेजारच्या जिल्ह्याच्या कितीतरी पट निघत असतील, तर ते आकड्यांतच दिसेल. चोर आकड्यांना घाबरतो, रुग्ण घाबरत नाही.

आणि टक्के? अपंगत्वाचे टक्के ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी 2018 मध्ये आली, मार्च 2024 मध्ये बदलली. बदलल्यावर कोणत्या आजाराची किती माणसे चाळीसच्या वर आली आणि किती खाली गेली, हे सांगितल्याशिवाय बदल चांगला की वाईट कसे ठरवणार? बहीण मला फोनवर म्हणाली, "दादा, कळा येतात तेव्हा मला उठता येत नाही, आणि बोर्डापुढे जाते तेव्हा मी दोन पायांवर उभी असते." दीर्घ आजाराचे हेच खरे रूप आहे. तो रोज सारखा नसतो, आणि दाखल्यावर मात्र एकच आकडा लिहावा लागतो. विकास कुमार या लोकसेवा परीक्षेच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा मज्जासंस्थेचा आजार होता. एम्सने त्याचे अपंगत्व 6 टक्के ठरवले. चाळीस टक्के नाहीत म्हणून लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 ला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची भूमिका चूक ठरवली. ज्याला लिहिता येत नाही त्याची गरज टक्क्यांवर मोजता येत नाही, हे त्या निकालाचे सार. असे किती विकास कुमार न्यायालयापर्यंत पोचलेच नाहीत? ते सांगू शकेल असा आकडा सरकारने कधी जनतेपुढे ठेवलेला नाही.

मोजण्याची टाळाटाळ वरपासून आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. त्यांतले सुमारे 49 लाख 'इतर कोणतेही' या रकान्यात गेले. जवळजवळ दर पाचातला एक माणूस. त्याचा आजार कोणता, हे जनगणनेने लिहूनच घेतले नाही. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून अपंगत्वाचे प्रश्नच काढून टाकले. आपण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर सही केली, त्याचे कलम 31 अपंगांची आकडेवारी वर्गवार गोळा करा आणि प्रसिद्ध करा असे सांगते. जगापुढे वचन द्यायचे आणि घरात रकाना पुसायचा, हा अप्रामाणिकपणा आहे. मी त्याला दुसरे नाव देणार नाही.

माहिती नाकारली तर माहिती आयोगाकडे जा, असे सांगतात. सतर्क नागरिक संगठनने 2022 च्या अहवालात हिशेब मांडला होता की त्या वर्षी पश्चिम बंगालच्या माहिती आयोगात दाखल झालेले अपील निकाली निघायला 24 वर्षांहून जास्त लागतील. त्याच संघटनेच्या 2023 च्या अहवालात महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती, देशात सर्वाधिक. रक्त चढवून जगणाऱ्या माणसाला चोवीस वर्षे थांब म्हणणारी व्यवस्था त्याचा हक्क नाकारते आहे, उशीर करत नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. स्वावलंबन पोर्टलवरचे अर्ज, मंजुरी, नकार आणि टक्क्यांचे गट आजारवार आणि जिल्हावार दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करा. नकाराचे कारण प्रत्येक अर्जदाराला लेखी द्या. रेल्वेने सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांच्यातल्या फरकाचा आधार जाहीर करावा, नाही तर तो फरक काढावा. केंद्राच्या पेन्शनची 80 टक्क्यांची अट कायद्याशी जुळवून चाळीसवर आणा. 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेत कायद्यातले एकवीसही प्रकार मोजा आणि यादीबाहेरच्या दीर्घ आजारांसाठी नाव लिहायची जागा ठेवा.

आणि वाचकांना विनंती. तुमच्या घरात, चाळीत, गावात दीर्घ आजाराचे माणूस असेल तर वर लिहिलेले प्रश्न उचला आणि तुमच्या जिल्ह्यासाठी अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न वेगवेगळ्या अर्जांत विभागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा, आणि उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते याची अधिकाऱ्याला लेखी आठवण करून द्या. एका अर्जाला "संकलित नाही" म्हणून वाटेला लावता येते. प्रत्येक जिल्ह्यातून तेच प्रश्न गेले, तर संकलन करावेच लागेल.