मैदान, महाविद्यालय आणि माफक अपेक्षा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या घरी अलीकडे एक नवा विषय वारंवार निघतो. मुलगा टेनिस उत्तम खेळतो, मुलगी पोहण्याच्या शर्यतीत शाळेत पहिली येते. तेव्हा खेळाच्या बळावर नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळेल आणि शुल्काचा भारही उतरेल, अशी आशा घरात मूळ धरते. मुंबई-पुण्यातील काही कुटुंबेही आता याच वाटेचा विचार करीत आहेत. आशा निराधार नाही. भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तेथील आंतरमहाविद्यालयीन एकेरीचे विजेतेपद मिळविले. परंतु ज्या बाजारात उतरावयाचे त्याची रीत आधी जाणून घ्यावी, हे व्यापारी घराला निराळे सांगावयास नको.

प्रथम प्रमाण पाहू. अमेरिकेत शालेय संघांतून खेळणारी मुले सुमारे ८० लाख आहेत. महाविद्यालयीन खेळांची प्रमुख नियामक संस्था एनसीएए. तिच्या तिन्ही विभागांत मिळून खेळाडू पाच लाखांच्या थोडे वर. खेळाची शिष्यवृत्ती मिळविणारे शालेय खेळाडू शंभरात दोनच्या आसपास, असे ही संस्था स्वतःच सांगत आली आहे. शिवाय तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्या गटात मोडतात त्या आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांतही ती नाही. तेथील साहाय्य कुटुंबाची आर्थिक गरज पाहून ठरते. क्रिकेट आणि बॅडमिंटन हे आपल्या घरांतील आवडते खेळ तर एनसीएएच्या स्पर्धांत नाहीतच.

जेथे शिष्यवृत्ती आहे तेथेही ती बहुधा पूर्ण नसते. पहिल्या विभागातील पुरुषांच्या टेनिस संघाला अनेक वर्षे साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि तेवढी रक्कम आठ-दहा खेळाडूंत वाटली जाई. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली. मात्र तिच्या जागी संघातील एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. म्हणजे काहींना रक्कम अधिक मिळेल, पण जागा मोजक्याच राहतील. त्यातच २०१८ पासून एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामाईक नोंद ठेवली जाते. शाळेतून नव्याने येणाऱ्या मुलापेक्षा दोन वर्षे मुरलेला खेळाडू अनेक प्रशिक्षकांना अधिक सोयीचा वाटतो.

आता पत्रव्यवहाराकडे वळू, कारण अपेक्षाभंगाचे बीज बहुधा येथेच पडते. पहिल्या विभागात, बहुतेक खेळांत, दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला निवडीसंबंधी खेळाडूशी बोलता येत नाही. त्यापूर्वी उत्तर आले नाही, तर तो नकार समजू नये. उलट उन्हाळी शिबिराचे माहितीपत्रक आणि छापील प्रश्नावली कोणत्याही वयात पाठविता येते. असे पत्र शेकडो घरी गेलेले असते. त्यावर विद्यापीठाचे मानचिन्ह आहे एवढ्यावरून पेढे वाटू नयेत आणि शिबिराचे शुल्क म्हणजे निवडीचा इसार आहे असेही समजू नये.

पुढची अडचण शब्दाची. आपल्या पेढीवर दिलेला शब्द दस्तऐवजाइतकाच पाळला जातो. खेळाडूनिवडीत मात्र तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवीत नाही. ना प्रशिक्षकाला, ना खेळाडूला. प्रशिक्षक नोकरी बदलतात, संघाची गरज बदलते. पूर्वीचे राष्ट्रीय इरादापत्र २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द झाले. आता आर्थिक साहाय्याचा लेखी करार हाच आधार. प्रवेशाचा निर्णय प्रवेश कार्यालयाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या विभागात खेळण्यास पात्र ठरण्यासाठी १६ मूलभूत अभ्यासक्रम आणि ठरलेली किमान गुणसरासरी लागते. मैदानावरील यश अभ्यासातील उणीव नेहमी भरून काढीत नाही.

म्हणून प्रशिक्षकाशी संभाषण झाले की काही गोष्टी नम्रपणे, पण स्पष्ट विचाराव्यात. आपल्या यादीत माझे स्थान कोणते? साहाय्य किती, किती वर्षांचे आणि लेखी केव्हा मिळेल? दुखापत झाली तर ते चालू राहील काय? माझे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाने पाहिले आहे काय? बाहेरगावच्या सामन्यांत शाकाहारी भोजनाची व्यवस्था कशी असते, हे विचारण्यातही संकोच नको. हे प्रश्न मुलाने वा मुलीने स्वतः विचारावेत. वडिलांनीच पत्रे लिहिली व दूरध्वनी केले, तर खेळाडूचा परिचय होतच नाही.

पालकांचे खरे काम घरात आहे. प्रशिक्षण, प्रवास आणि स्पर्धा यांवर झालेला खर्च शिष्यवृत्तीतून वसूल व्हावा, असा हिशेब मुलासमोर मांडू नये. आपल्या घरांत जमाखर्चाची भाषा सहज तोंडी येते. पण सतरा वर्षांच्या मुलाला ती आपल्या नावे टाकलेल्या कर्जासारखी ऐकू येते. लग्नसमारंभात चारचौघांत ‘कोठून बोलावणे आले?’ असे विचारणाऱ्या काका-मामांनाही आवरण्याची जबाबदारी आईवडिलांचीच. नकार आला तर संघात त्या जागेची गरज नव्हती, इतकाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. मुलाला तो अर्थ सांगणारे कोणीतरी घरात हवे.

महाविद्यालयांची यादी करताना एक कसोटी उपयोगी पडते. उद्या गुडघा दुखावला आणि खेळ थांबला, तरी याच ठिकाणी चार वर्षे शिकणे आवडेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर ते नाव यादीत ठेवावे. अशा यादीत तिसऱ्या विभागातील एखादे लहान महाविद्यालयही सन्मानाने बसते. तेथे शिकावयास मिळते, खेळावयासही मिळते आणि पहाटेच्या सरावाने अंगी बाणलेली शिस्त पुढे दुकानात, कारखान्यात वा दवाखान्यात कामी येतेच.