लाल उजेडाची वायर

दिवाळीत मी बाबांना सरप्राइज गिफ्ट दिलं आणि त्यांचं गाणं बंद पाडलं.

म्हणजे इरादा चांगला होता हो! पुण्याच्या घरी बाबांचा पंचवीस वर्षं जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. टीव्हीवर लागणाऱ्या जुन्या मैफली त्यावर ऐकता याव्यात, म्हणून मी मुंबईहून एक डॅक घेऊन गेले. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणारी काडेपेटीएवढी डबी. सेट-टॉप बॉक्समधून कोॲक्शियल वायर डबीत, डबीतून ॲम्प्लिफायरमध्ये, खेळ खलास. बाबा खूश, मी खूश आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परत मुंबईत, डेडलाइनच्या राड्यात.

जानेवारीत आईचा फोन आला. "अगं, हे हल्ली गाणं लावतच नाहीत. कानात घूं होतं म्हणतात. मला न सांगता कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी सांगितलं, कान ठणठणीत आहेत. तरी यांचं आपलं तेच, वय झालं म्हणून."

मी पुढच्या शनिवारी पुण्यात. हॉलमधला पंखा बंद केला, आईचा मिक्सर थांबवला आणि टीव्हीचा आवाज शून्यावर आणून स्पीकरला कान लावला. घूंऽऽऽ! बाबांचे कान खरंच ठणठणीत होते. गायक तानपुरे जुळवून बसतात, त्या शांततेत हे भूत बरोबर ऐकू यायचं. आईला ते कधी जाणवलं नाही, कारण तिच्या मालिकांमध्ये शांतता नसतेच.

त्याच संध्याकाळी मी एका चकचकीत शोरूममध्ये गेले. सेल्समननं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, तुमची वायर साधी आहे. ही घ्या, गोल्ड-प्लेटेड. बास उघडतो, आवाजाला बॉडी येते." दोन हजार चारशे रुपये. माझे तीन लेखांचे चेक अडकलेले, तरी कार्ड स्वाइप केलं. घरी येऊन वायर लावली. घूंऽऽऽ. जरा श्रीमंत घूं, एवढाच काय तो फरक.

मग रात्री बसून फंडा क्लिअर करून घेतला.

डिजिटल वायरीतून आवाज जातच नाही, आकडे जातात. शून्य आणि एक. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला साधारण 14 लाख. ते पोचले तर जसेच्या तसे पोचतात. नाही पोचले, तर टकटक होतं, आवाज तुटतो, नाहीतर गुडुप होतो. आकडे नीट पोचत असताना वायर बदलून 'बास उघडणं' वगैरे होत नाही. दोनशेची वायर आणि दोन हजारांची वायर तेच आकडे पोचवतात.

मग घूं कुठून आला? केबलवाल्याच्या वायरीतून! तिचं अर्थिंग बिल्डिंगबाहेर कुठंतरी, ॲम्प्लिफायरचं अर्थिंग आमच्या तीन पिनांच्या प्लगमधून. कोॲक्शियल वायर तांब्याची, तिनं दोन्ही जोडली आणि विजेला गोल फिरायला रस्ता मिळाला. याला ग्राउंड लूप म्हणतात. वायर सोन्यानं मढवली तरी तो रस्ता तसाच राहतो, उलट चांगला गुळगुळीत होतो!

उपाय निघाला ऑप्टिकल. 1983 मध्ये तोशिबानं सीडी प्लेअरसाठी काढलेली ही वायर, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. आत एक मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा तंतू आणि त्यातून जातो लाल उजेड. वीज नाही, म्हणून लूपही नाही. रविवारी तपकीर गल्लीत अडीचशे रुपयांत मिळाली. सेट-टॉप बॉक्स तसाही एचडीएमआयनं टीव्हीला जोडलेला होता, म्हणून आता टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून थेट डॅक. लावली, आणि आवाजच नाही! पहिलं कारण लाजिरवाणं: टोकाची प्लॅस्टिकची टोपणं काढायची राहिली होती. दुसरं, टीव्ही डॉल्बी पाठवत होता आणि आमच्या डबीला फक्त पीसीएम कळतं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन पीसीएम केलं आणि काम झालं. ही वायर करकचून दुमडू नका मात्र.

कोॲक्शियल वाईट असते असं नाही. जिथं घूं नाही तिथं ती मस्त चालते आणि टिकते जास्त. विकत घ्यायच्या आधी जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळ्या टोकाची वायर शोधा. ती 75 ओमचीच असते, चालून जाते. लॅपटॉपवरून गाणी ऐकत असाल तर सरळ यूएसबीनं डॅक लावा.

साउंडबार घेतला असेल तर मात्र एचडीएमआयच, तेही टीव्हीवर एआरसी लिहिलेल्या सॉकेटमध्ये. एआरसी 2009 मध्ये आलं, त्याचा थोरला भाऊ ईएआरसी 2017 मध्ये. ऑप्टिकल आणि कोॲक्शियलमधून पूर्ण दर्जाचे दोन चॅनेल जातात किंवा दाबून बसवलेलं 5.1. ॲटमॉसचे पैसे मोजलेत आणि ऑप्टिकल लावलीत, तर ते पैसे भिंतीवर लटकत राहतील. शिवाय एआरसीवर टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. आमच्या ऑप्टिकलवर होत नाही. बाबांना उठून ॲम्प्लिफायरचं बटण फिरवावं लागतं. यावर त्यांचं म्हणणं, "पूर्वी उठतच होतो की."

रविवारी रात्री त्यांनी पंखा बंद केला, स्पीकरसमोर खुर्ची ओढली. तानपुरे सुरू झाले. काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून आई ओरडली, "अहो, हळू करा जरा!"

चोवीसशेची वायर शोरूमनं परत घेतली नाही. सील तोडलं होतं ना! सोमवारी सकाळी आई तिनं रद्दीचा गठ्ठा बांधत होती, तेव्हा कशीबशी सोडवून घेतली.