धर्मावर वाद घाला, पण समोर बसून



‘धर्माचा विषय काढू नका, उगाच वाद नको,’ हे हल्ली शहाणपण म्हणून सांगितले जाते. सोसायटीच्या बैठकीत, कचेरीत डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. हे पत्रक त्या शहाणपणाविरुद्ध आहे. धर्मावरून चाललेल्या शिवीगाळीविरुद्धही ते तितकेच आहे, कारण आमच्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी तोंडावर बोलायची सोय उरली नाही, की त्याच्याविषयी आपण आपल्याच माणसांत बोलू लागतो. तिथे टोकणारा कुणी नसतो. ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावतो, आणि काल जे बोलताना जीभ अडखळली असती ते आज सहज तोंडून निघते.

म्हणून आमचे सांगणे असे, की वाद घाला. मूर्तीपुढे हात का जोडायचे, नवसाने मूल होते का, तलाक एकट्या नवऱ्याच्या हाती का असावा, येशूच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते, देव आहे हे कशावरून, सगळे विचारा. पण ज्याला विचारायचे त्याच्यासमोर बसून विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा.

या मुलखात हे नवीन नाही. १८३१ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. विल्सनसाहेबांच्या नावाचे कॉलेज आजही गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे. वादानंतर मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. पुढच्या वर्षी विल्सननी त्याला इंग्रजीत उत्तर दिले. ते मुळीच मवाळ नव्हते. हिंदू धर्म उघडा पाडतो, असे त्याचे नावच सांगत होते. परंतु त्या पुस्तकाच्या आरंभी विल्सननी काय छापले? मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवाद. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी वाचकाच्या हाती दिले, आणि मग आपले उत्तर. आपल्या शास्त्री-पंडितांची रीतही हीच होती: आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की प्रतिपक्षाने म्हणावे, ‘हो, हेच माझे म्हणणे’, आणि मगच खंडनाला हात घालायचा. विल्सन राज्यकर्त्यांच्या धर्माचे होते, मोरभटांच्या पाठीशी सरकार नव्हते. ही विषमता आम्ही विसरत नाही. पण ज्याच्या बाजूला सत्ता होती त्यालाही विरोधकाचे पुस्तक आधी छापावेसे वाटले, याचे मोल आमच्या लेखी मोठे आहे. आज आपण विरोधकाचे एक वाक्य मागचे-पुढचे तोडून मोबाइलवर शंभर जणांना पाठवतो.

पुढे १८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी संध्याकाळी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. बुवा मूळचे कोकणातले, एके काळचे जकात खात्यातले नोकर. पाप, मुक्ती, ग्रंथांचे प्रामाण्य, सगळे विषय निघाले आणि भोवती गर्दी जमत राहिली. या वादांचा इंग्रजी वृत्तान्त प्रतिपक्षातल्याच जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला.

आणखी मागे जा. पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला तो सोळाव्या शतकात. आज त्यातल्या काही ओळी नाव न सांगता कुणी जाहीर सभेत वाचल्या, तर संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यासमोर जमाव उभा राहील. तुर्क हिंदूच्या देवांच्या कथा काढून त्याला हिणवतो. हिंदू उलट विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणतोस, मग नमाजाला पश्चिमेकडेच तोंड का? सोवळ्या-ओवळ्याचाही तिथे समाचार घेतला जातो. कुणी कुणाला सोडत नाही. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. नाथ गप्प बसा म्हणत नाहीत. दोघांच्या तोंडी त्यांचे खरे आक्षेप घालतात, आणि उत्तरे मिळाल्यावरच त्यांना जवळ आणतात. आज शांतता समितीत हार घालून फोटो काढले जातात, पण एकही खरा प्रश्न विचारला जात नाही. तिथली मिठी आम्हांला पुरेशी वाटत नाही.

आता दुसरी वाट कुठे जाते तेही पाहू. १९२४ साली लाहोरमध्ये प्रेषित मुहंमदांच्या खासगी आयुष्यावर चिखलफेक करणारी एक पुस्तिका निघाली. लेखकाने आपले नाव घातले नव्हते. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला झाला. १९२७ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण प्रचलित कलमात तो गुन्हा बसत नव्हता. त्याच वर्षी दंडसंहितेत कलम २९५-अ आले. १९२९ साली एका तरुणाने राजपाल यांचा खून केला. पुस्तिका हीन होती, खून त्याहून हीन होता, आणि या सगळ्यात कुणी कुणाला एक प्रश्नही नीट विचारला नाही. नाव लपवून लिहिणारा आणि सुरी घेऊन येणारा, दोघांनाही प्रतिपक्षाचे उत्तर ऐकायचे नव्हते.

ते कलम आज भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. ते नीट वाचा. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान हा त्यातला गुन्हा आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले तेही याच आधारावर. कुणाला वाईट वाटले एवढ्याने गुन्हा होत नाही. तरीही ‘भावना दुखावल्या’ म्हणत पाचपन्नास जण ठाण्यात शिरतात, एखाद्या मास्तराला किंवा कॉलेजच्या पोराला हात जोडून माफी मागायला लावतात आणि त्याचे चित्रण गावभर फिरवतात. त्यांना आम्ही स्पष्ट विचारतो: तुमच्या श्रद्धेजवळ त्या पोराला द्यायला उत्तर नाही काय? असेल तर ते ऐकवा. आमचा अनुभव असा आहे की भाविक माणसाजवळ उत्तर असते, आणि तो ते प्रेमाने देतो. जमाव घेऊन येणाऱ्याला उत्तरात रस नसतो.

आणि जे स्वतःला विवेकी म्हणवतात, त्यांनाही आमचे सांगणे आहे. वारीला निघालेल्या म्हातारीला अडाणी म्हणून हसणे हा विचार नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे गावोगाव फिरले, भाविकांसमोर उभे राहिले आणि आपला विरोध देवाला नसून देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे. शिंदे ऑक्सफर्डला जाऊन जगातल्या धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले होते. दाभोलकरांशी वाद घालायला महाराष्ट्रात शेकडो सभागृहे उघडी होती. मारेकऱ्यांनी पूल निवडला.

जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात एका घराची कल्पना आहे: आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली प्रेमाने राहतात. प्रत्येकाने आपला ग्रंथ वाचून आपला मार्ग निवडला आहे. विचार करा, त्या घरात जेवताना काय बोलणे होत असेल! ‘धर्माचा विषय नको’ असे त्या घरात कुणी म्हणाले असते, तर ते घर एक दिवसही टिकले नसते.

व्याख्यानमाला, गणेश मंडळे, उरुसाच्या समित्या, चर्चमधील मंडळे आणि बुद्धविहारांचे विश्वस्त यांना आमची विनंती आहे. वर्षातली एक संध्याकाळ दुसऱ्या बाजूच्या वक्त्याला द्या. त्याने आधी तुमचे म्हणणे तुम्हांला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, मग आपले आक्षेप मांडावेत. प्रश्न श्रोत्यांनी नाव सांगून विचारावेत. मारहाणीची भाषा करणाऱ्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, आयोजकांनी तिथल्या तिथे बाहेर काढावे.

हे पत्रक ज्यांना पटणार नाही त्यांनी आपले उत्तर नावानिशी लिहून, ज्याने हे पत्रक हातात दिले त्याच्याकडे द्यावे. पुढच्या छपाईत ते एक अक्षरही न गाळता याच कागदाच्या पहिल्या बाजूला छापू. आमचे म्हणणे मागच्या बाजूला जाईल. छपाईचा खर्च आमचा.